एक टिंब

तीस सप्टेंबर होती, म्हणून क्लास आधी दोन मिनिटं उभा राहिला. लातूरच्या त्या दहावीच्या क्लासमध्ये भूकंपानंतर ही पद्धतच पडली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि खालूनच देविकाकडे पाहिलं. देविका किल्लारीकडची. तिच्या शेजारी उभ्या लुंबिनीनंही पाहिलं. आपल्या माणसासाठी एवढी पोरं उभी राहतात, तेव्हा कसं वाटत असेल?

"बसा," म्हणत सरांनी फळ्यावर जगाचा नकाशा टांगला. पुरातले मृत्यू, टिंब पद्धत. एक टिंब म्हणजे हजार माणसं. चीनच्या नद्यांवर टिंबांची गर्दी, बांगलादेश तर काळाच झालेला. गंगेच्या काठानंही बरीच होती. मराठवाडा कोरा. पोरं आपापल्या नकाशात टिंबं उतरवू लागली.

लुंबिनीला त्या काळ्या झालेल्या देशाचाही हेवा वाटला. तिथं कुणाला काही सांगावं लागत नसेल.

तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि नांदेडच्या जरा उजवीकडे, आपल्या भोकरच्या जागी, बारीक टिंब दिलं.

सर बाकांमधून फिरत तिच्यापाशी थांबले. "भोकरला हजार माणसं बुडाली? कधी?"

"हजार न्हाई, सर."

"मग किती?"

"एक."

"भोकरला प्यायला पाणी न्हाई, बुडायला कुठलं आलं?" मागून एक जण बोलला. पोरं हसली.

सर हसले नाहीत. "पाचशेच्या आत असले की टिंब देत नाहीत, बेटा. बोर्डात मार्क जाईल. खोड ते." ते पुढे गेले.

"कोण होतं गं?" देविकानं हळूच विचारलं.

"बाबा. ओढ्याला पाणी असताना सायकल घातली." लुंबिनीला राहवलं नाही. "तुमचं बरं हाय. तुमच्या माणसांसाठी सगळे उभे राहतेत."

देविकानं पेन्सिल खाली ठेवली. तिनं विचारलं, "सापडले का?"

"हाव. दुसऱ्या दिवशी. बाभळीला अटकले होते."

"तोंड दिसलं?"

"दिसलं की. आईनं पुसलं. मग घरी आणलं."

"म्हणजे येगळं जाळलं त्यांना. एकट्याला."

"मग?"

"आमच्याकडं ढीग करून पेटवले. माय कोणत्या ढिगात होती, कुणालाच म्हाईत न्हाई."

लुंबिनीच्या हातात खोडरबर तसंच राहिलं. देविका तिच्या नकाशातल्या त्या एकट्या टिंबाकडे बघत होती. मघाशी, सगळे उभे असताना, लुंबिनी तिच्याकडे बघत होती, अगदी तशीच.