सीमाला न लागलेला झटका

सीमाचा भाऊ भीमराज शेवगावात घराच्या दारात बोलता बोलता कोसळला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता. पुढं तपासण्या झाल्या, तेव्हा हृदयाचा तोच दोष सीमातही निघाला. डॉक्टरांनी तिच्या खांद्याखाली कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. ठोके बिघडले की ते हृदयाला विजेचा झटका देणार होतं.

सहा महिन्यांनी ती नगरला तपासणीला गेली. यंत्रातल्या नोंदी पडद्यावर बघताना डॉक्टर थांबले.

"मंगळवारी सकाळी झटका बसलाय. कळवलं का नाही?"

"मला काहीच झालं नाही. मी वर्गावर शिकवत होते."

"छातीत लाथ बसल्यासारखं होतं, ताई. कळल्याशिवाय राहत नाही."

सीमाने घाबरून आईला फोन लावला. "आई, मंगळवारी मला काही झालं होतं का गं?"

शेवगावातून तिची आई, भागीरथी, म्हणाली, "तुला न्हाई. मलाच भाकरी थापताना छातीत लाथ बसल्यागत झालं. तुला काळजी नको म्हनून बोलले न्हाई. भीमराजाच्या येळेला जवळ असून मला काय करता आलं न्हाई, बाई."

तेवढ्यात पडद्यावरची सीमाच्या ठोक्यांची रेघ वेडीवाकडी धावू लागली. "आडव्या व्हा!" डॉक्टर ओरडले. झटक्याची खूण उमटली आणि रेघ पुन्हा लयीत चालू लागली. सीमा तशीच बसून होती. तिला काहीही जाणवलं नव्हतं.

फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं, धापा टाकत, आई म्हणाली,

"तू बरी हायेस ना?"