उजव्या टोकाचा शिपाई

मास्तरांनी घसा खाकरला, पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं पहिलं वाक्य वाचलं. भिंतीपलीकडचं जातं बंद पडलं.

"झालं हिचं सुरू," मास्तर पुटपुटले.

खर्ड्याच्या वेशीबाहेर मिशनच्या जागेत कृपादान मास्तरांचं घर, आणि मातीच्या भिंतीपलीकडे साळूबाईंचं. तिसऱ्या प्रहरी साळूबाई तूर भरडायला बसायच्या आणि मास्तर वाचायला लागले की हात थांबवायच्या. एकदा नाही, दोनदा नाही, दोन वर्षं हेच. बाटलेल्या माणसाचा नुसता आवाजही बाईंना सोसत नाही, उठून घरात जाऊन बसतात, अशी मास्तरांची खात्रीच झाली होती. मग तेही कमी नव्हते. मुद्दाम आवाज आणखी चढवायचे.

पुस्तकं इंग्रजी होती. पाद्रीसाहेब विलायतेला परतताना एक पेटी मास्तरांना देऊन गेले होते. वर धर्माची पुस्तकं, आणि तळाशी ग्रीकांच्या जुन्या लढायांच्या कादंबऱ्या. वरच्या थराला मास्तरांनी अजून हात लावला नव्हता. भाले, ढाली, वल्ह्यांची जहाजं यांत म्हातारा तहानभूक विसरायचा. इंग्रजी वाचायचं आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचं, कारण ऐकायला बायको, रेबेकाबाई, असायच्या. सुपातलं धान्य निवडता निवडता त्या मध्येच विचारायच्या, "अहो, त्यांना खायला काय देतात?" मास्तर चिडायचे. तिकडे लढाई ऐन रंगात आलेली आणि हिला भाकरीची पडलेली!

रेबेकाबाईंना जाऊन तीन महिने झाले. हातातल्या कादंबरीतला भालाईत पोरगा जहाजात बसून परमुलखातल्या एका शहरावर चालून गेला होता आणि तिथेच अडकला होता. शेवटची चार पानं उरली होती. मास्तरांनी मनातल्या मनात वाचून पाहिलं, पण गोडी लागेना. त्या ग्रीकांची ढाल डाव्या हातात असायची. अर्धी स्वतःला, अर्धी डावीकडच्या गड्याला. ज्याला त्याला उजवीकडच्या शेजाऱ्याचा आडोसा. "मग उजव्या टोकाला उभा असेल त्याचं काय हो?" रेबेकाबाईंनी विचारलं होतं. "त्याचं त्यानं बघायचं," मास्तर फटकन म्हणाले होते. आता घर खायला उठलं म्हणजे त्यांना तो टोकाचा शिपाई आठवायचा.

आज त्यांनी ठरवलं होतं, मोठ्यानं वाचायचं, एकदाचं संपवायचं आणि पेटीला कुलूप घालायचं. आणि तिकडे हे जातं.

ते थांबले. थोड्या वेळानं पलीकडे घरघर सुरू झाली. मास्तरांनी पुन्हा वाचलं. घरघर बंद. तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. तरातरा भिंतीपाशी जाऊन ते ओरडले, "साळूबाई, माझ्या वाचण्याचासुद्धा विटाळ होतो का तुम्हाला?"

पलीकडून आवाज आला तो भिंतीला अगदी लागूनच.

"जातं चालू ठिवलं तर ऐकू कसं यील, मास्तर?"

मास्तरांनी कान भिंतीशी नेला.

"दोन वर्सं ऐकतीया. तिकडं येऊन बसता येत न्हाई मला, म्हायतीच हाय तुमाला. पर रेबेकाबाई हुत्या तवर काई अडत नव्हतं. मला इचारायचं असायचं, त्येच त्या इचारायच्या. तीन महिनं झालं, त्या भालावाल्या पोराला परमुलखात सोडून तुमी गप बसलाय. घरी पोचला का न्हाई त्यो? माजा ल्योक मच्छिंद्र बी जहाजानंच गेलाय, जर्मनच्या लढाईवर. होळीला त्येचं कार्ड आलं, तवापासून काई न्हाई."

शेवट आधी बघायचा नाही, हा मास्तरांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी शेवटचं पान उघडलं. पोराच्या आईच्या दारात गावातला एक गडी उभा होता. त्याच्या हातात त्या पोराची ढाल होती. नुसती ढाल.

"मास्तर? हाय का?"

"आहे." मास्तरांनी पुस्तक मिटलं. "अजून बरंच पुस्तक राहिलंय, साळूबाई."

"मग वाचा सावकाश. मला कुटं जायचंय?" आणि मग, जरा संकोचून, "तिथं खायाला काय देत्यात त्येला?"

पुस्तकात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"जवाची भाकरी," मास्तर म्हणाले. "आणि कांदा."

"बरं हाय मंग."

मास्तरांनी स्टूल आणून भिंतीला लावलं आणि पाठ टेकून बसले. शंभरेक पानं मागे उलटली, आणि जिथे जहाजं अजून बंदरातच उभी होती, आया काठावर जमल्या होत्या, तिथून वाचायला सुरुवात केली.

साळूबाईंनी हे सगळं एकदा ऐकलेलं होतं. तरी पलीकडचं जातं काही सुरू झालं नाही.