गाठीचं पान

आयकाएली अंगणात आली ती हातात इसालेचं पान घेऊन. पानाला गाठ मारलेली. केळीखाली बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आमच्या किलिमांजारोच्या उतारावर गाठ मारलेलं इसालेचं पान म्हणजे माफी. ते पुढे केलं की वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही.

तिच्या थोरल्या भावाचा, एलिंगायाचा जीव भांड्यात पडला. हरली एकदाची धाकटी!

भांडण पाटाकडेच्या केळबागेचं. लेकीला जमीन द्यायची आमच्यात रीत नाही, पण बापानं मरणाआधी ती बाग हिला दिली म्हणे. म्हणे कसलं, दिलीच होती. म्हाताऱ्यानं स्वतः वाकून इसालेची रोपं लावली होती; हद्दही तीच आणि मृत्युपत्रही तेच. बघायला होती फक्त ही दोघं भावंडं. बाप गेला आणि एलिंगायानं सगळी रांग उपटून टाकली. वर तोंड करून म्हणतो कसा, "कुठाय हद्द? दाखव की!" तेव्हा बापाच्या मातीला जमलेल्या अख्ख्या गावासमोर ती त्याला चोर म्हणाली होती.

आता ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"दादा, त्या दिवशी चारचौघांत तुला नको ते बोलले. मोठ्या भावाला असं बोलायचं नसतं. चुकलं माझं."

"आली म्हणायची अक्कल," थोरले काका म्हणाले. "घे रे पान. हात काय आखडतोस?"

एलिंगायानं पान घेतलं. ओलं होतं, आणि देठाला शेण लागलं होतं. बोटांना वास आला तो त्याच्याच गोठ्याचा. उपटलेली रोपं त्यानं गोठ्यामागच्या उकिरड्यावर भिरकावली होती, नंतर तिकडे बघितलंही नव्हतं. इसाले कुठेही टाका, मरत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोच बरा विसरला!

"काय गं, पान कुठलं हे?" काकांनी सहज विचारलं. "मोशी शहरात तुझ्या भाड्याच्या खोलीत इसाले कुठून उगवलं?"

एलिंगायानं पान मुठीत दाबलं. सांगणार ही. आता सगळ्यांच्या देखत सांगणार.

"चर्चच्या कुंपणाचं तोडलं, काका," आयकाएली म्हणाली. भावाकडे तिनं पाहिलंही नाही.

"झालं तर मग! कुणी चोर नाही आणि कुणी साव नाही. पाटाकडची बाग एलिंगायाची. आणा रे म्बेगे!"

केळ्यांच्या दारूचा भोपळा हातोहात फिरू लागला. कुणीतरी एलिंगायाच्या पाठीवर थाप मारली. "नशीब काढलंस लेका! बहीण मोठ्या मनाची आहे." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ओरडून सांगितलं असतं तर तो भांडला तरी असता.

आयकाएली उठली, गुडघे झटकले आणि निघताना त्याच्याजवळ आली.

"बाबांची रोपं जगलीत, दादा," ती हळूच म्हणाली. "शेळ्यांच्या तोंडी नको जाऊ देऊस."

एवढं बोलून ती फाटकाकडे वळली.

भोपळा त्याच्यापर्यंत आला. त्यानं तो तोंडाला न लावताच पुढे दिला आणि उठून उभा राहिला.

"अरे, कुठं चाललास? तुझ्याच नावानं पितोय ना आम्ही!" काका ओरडले.

"गोठ्यामागं," तो पुटपुटला. मग त्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "आयकाएली, थांब गं. मीही पान घेऊन येतो."