गाळलेले एकोणीस दिवस

मिसेस टॅल्बर्ट सलग दहा मिनिटं इंग्रजीत बोलल्या, मग थांबल्या आणि रघुजीकडे वळल्या. आता त्याने कन्नडात सांगायचं होतं.

गिरणीच्या कॅन्टीनमध्ये सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या दीडशे बायका फरशीवर बसल्या होत्या. एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. चार दिवसांपूर्वी प्रत्येकीवर एकाऐवजी दोन मशिनं टाकली होती आणि जमणार नाही म्हणणाऱ्या तिघींना गेटबाहेर काढलं होतं. अशात ही गोरी बाई आशेच्या गोष्टी सांगायला आली होती.

रघुजी टाइम ऑफिसात कारकून होता. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. म्हणून सकाळी लेबर ऑफिसर विद्याधर करंदीकरांनी त्यालाच बोलावलं. पुण्याहून येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं, पण कन्नडचा एक शब्द येत नव्हता.

"अमेरिकेतली साधी माणसं कशी वर आली, ते सांगत ही बाई देशभर फिरतेय. वरून ऑर्डर आहे, टाळता येत नाही," ते म्हणाले होते. "भाषण वाचलंय मी तिचं. आशेचं तेवढं सांगा, मधलं गाळा. तुम्हाला पर्मनंट व्हायचंय ना?"

मधलं असं होतं. टॅल्बर्टबाई चौदाव्या वर्षी गिरणीत लागल्या. पुढे मालकाने मशिनं वाढवली. बायका घरी गेल्या नाहीत, काम थांबवून मशिनांपाशीच खाली बसल्या. एकोणीस दिवस. पोरांना कुंपणाच्या जाळीतून बघायचं. थोरली बहीण त्या थंडीत न्यूमोनियाने गेली. विसाव्या दिवशी मालक बोलायला आला. हे सांगताना बाईंचा आवाज दोनदा फुटला होता.

रघुजीने घसा साफ केला. "यांनी गिरणीत फार कष्ट केले," तो कन्नडात म्हणाला. "धीर धरला. दिवस पालटले. आज यांची मुलगी नर्स आहे."

"झालं?" तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. ती कौशल्या, रघुजीची सख्खी थोरली बहीण. घरी त्याच्याशी मराठीत बोलणारी अक्का आज मुद्दाम सगळ्यांना कळेल अशा कन्नडात, धाकट्या भावाला 'तम्मा' म्हणत बोलत होती. "तम्मा, ती एवढा वेळ बोलली आणि तुझं चार वाक्यांत उरकलं? मधे ती रडली. तिचं रडणं कुठे गेलं?"

बायका हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबाच्या खिशात!"

"काय म्हणतेय ती?" करंदीकरांनी विचारलं.

"आभार मानतेय, साहेब."

मिसेस टॅल्बर्टनी कौशल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आभार मानणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो, हे कळायला भाषा लागत नाही. त्या रघुजीला हळूच म्हणाल्या, "तू माझं सगळं सांगितलं नाहीस."



मिसेस टॅल्बर्ट चौथऱ्यावरून उतरल्या, थेट कौशल्यापाशी गेल्या. स्वतःचा उजवा हात तिच्यापुढे धरला. बोटांवर सुताने कापल्याचे जुने पांढरे वळ होते. कौशल्याच्या बोटांवर तेच ताजे होते. मग साठीची ती बाई फरशीवर बसली, खांबाला पाठ लावली आणि हाताची घडी घातली. बसून राहिली. थोड्या वेळाने दहा बोटं दाखवली, मग नऊ.

करंदीकर घाईघाईने पुढे आले आणि बाईंना चहाला घेऊन गेले.

भोंगा झाला. पाळी सुरू व्हायची वेळ टळून पाच मिनिटं झाली, तरी वाइंडिंग खात्यातून आवाज येईना. करंदीकर रघुजीला घेऊन धावतच आत शिरले. दीडशे बायका आपापल्या मशिनाला पाठ लावून खाली बसल्या होत्या. दाराशी मुकादम हणमंतराव घाम पुसत उभा होता.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" करंदीकर ओरडले.

"काही नाही, साहेब." आणि ते खरंच होतं.

"मग आता सांगा! दहा मिनिटांत मशिनं सुरू झाली नाहीत तर एकूण एक डिसमिस. सांगा, त्यांच्या भाषेत!"

रघुजी पुढे झाला. कौशल्या बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होती.

"तम्मा, तुझ्या साहेबाला कन्नडचं एक अक्षर कळत नाही," ती कन्नडातच शांतपणे म्हणाली. "मघाशी तिथे मुकादमसुद्धा नव्हता. खरं सांगितलं असतंस तर कुणी धरणार होतं तुला?"

खरंच, कुणीच धरलं नसतं. आता मात्र मुकादम चार हातांवर उभा होता, आणि त्याला कन्नड चांगलं येत होतं.

"ती बाई चौदाव्या वर्षी कामाला लागली," रघुजी कन्नडात म्हणाला. "त्यांच्यावरही मशिनं वाढवली. मग सगळ्या जणी अशाच खाली बसल्या. तिची बहीण त्यात मेली, अक्का. तरी त्या उठल्या नाहीत."

हणमंतरावाने दचकून त्याच्याकडे पाहिलं. बायका टक लावून ऐकत होत्या.

करंदीकरांना त्या शांततेत आपला वचक दिसला. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"अजून कडक सांगा," ते मागून म्हणाले.

रघुजीने आवाज चढवला.