दरडीतली पांढरी माती

कडूबाई भाकरी घेऊन आली तेव्हा दरडीतल्या बिळातून म्हाळूचे नुसते पाय दिसत होते. आत कुदळ चालू होती.

"दाजी, बाहेर या."

कुदळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

कडूबाई लांबच बसली. गेल्या नवरात्रापासून तिला दरडीजवळ जायचं धाडस होत नव्हतं. घट बसायच्या आधी ती आणि तिची थोरली बहीण मंगल इथंच पांढरी माती न्यायला आल्या होत्या. गावातल्या सगळ्याच बाया येतात. भिंती पोतारायला आणि घराच्या धाब्यावर टाकायला दुसरी माती चालत नाही. मंगल आत बसून खणत होती आणि कडूबाई बाहेर टोपलं धरून उभी होती. दरड बसली. बीळ बुजलं.

मंगलचा नवरा म्हाळू तेव्हा वणीकडं कोळशाच्या खाणीत कामाला होता. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. मग तो परत गेलाच नाही. शेळ्या घेतल्या आणि एकटा राहू लागला. कुणी बोललं तर उत्तर द्यायचा, आपणहून बोलायचा नाही. वर्षभरात बायांनी बुजलेल्या बिळाच्या दोन्ही अंगांना नवी बिळं पाडली. पाऊस ओसरल्यावर म्हाळू कुदळ घेऊन त्या बिळांत शिरू लागला.

तो बाहेर आला आणि हात झटकून जेवायला बसला.

"आत काय करता?"

"खणतो."

"मग माती घरी कावून न्हाई नेत?"

तो जेवत राहिला. कडूबाईनं दुसरं काही विचारायचं म्हणून विचारलं, "खाणीत पण असंच खणतात?"

"तिथं उभी कड असती. हिच्या कितीतरी पट. खाली कोळशाचा थर. वरचं काढायला परवडत न्हाई, म्हणून तळातून यंत्र आत घालतात. ते भोक पाडत जातं, कोळसा बाहेर येतो. मग थोडी जागा सोडून दुसरं भोक."

"जागा कावून सोडायची?"

"ती भिंतच वरचा डोंगर धरती. कितीबी चांगला कोळसा असू दे, भिंतीला हात लावायचा न्हाई."

"आन माणसं?"

"माणसं बाहेर. आत कुणी जात न्हाई."

"मग तुमी कावून जाता?"

म्हाळूनं भाकरीचं फडकं घडी घालून तिच्या हातात दिलं. "चटणीत मीठ लई झालंय," तो म्हणाला आणि पुन्हा आत गेला.

त्या दिवशी कडूबाईनं धीर करून जवळ जाऊन पाहिलं. बिळांमधल्या भिंती तळाशी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. भिंतीला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस भिंतीच खणत होता.

तिनं घरी नवऱ्याला सांगितलं. नाथानं सरपंचाला आणलं.

"काय बे म्हाळू," तानाजी सरपंच लांबूनच म्हणाले, "मरायला दुसरी जागा न्हाई का? पंचनाम्याला मला उभं राहावं लागतं."

"तुमी नका येऊ."

"माती उकरू नये म्हणून फलक लावलाय इथं. दिसत न्हाई का?"

"फलकाला कोण थांबलंय?"

"मग काय, दरडीवर पोलीस बसवू?"

म्हाळू पुन्हा बिळात शिरला. सरपंच नाथाला बाजूला घेऊन म्हणाले, "बायको गेली त्या जागेला चिकटलंय ते. नजर ठेवा."

बायांनाही तो फिरकू देईना. बबिता टोपलं घेऊन आली तर तिला त्यानं ओढ्यापासूनच परत धाडलं.

"घट तोंडावर आलेत, भाऊजी. आमी माती कुठून आणायची?"

"मी आत हाय तोवर यायचं न्हाई."

"म्हणजे तुमी मेल्यावर यायचं का?"

"तसं समज."

बबितानं हे गावभर केलं.

मग एका संध्याकाळी म्हाळू शेळ्या घेऊन कडूबाईच्या दारात आला. एकेक खुंट्याला बांधली. "राहू दे तुझ्याकडं," म्हणाला. ती जेवायला थांबा म्हणाली, तो थांबला नाही. शेळ्यांच्या छपराचा भार पेलणारी मधली मेढ उपटून त्यानं दरडीकडं नेल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. नांदूरघाटच्या बाजारातून मोठा दोर आणल्याचंही कळलं. तिनं त्याची कुदळ पळवून कणगीत लपवली. त्यानं विचारलंसुद्धा नाही. नाथाची पहार घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती त्याच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. वाकळ घडी करून ठेवलेली. मंगलच्या फोटोपुढं दिवा जळत होता.

ती पळत सुटली. मागून नाथा पळाला. वाटेत माती न्यायला निघालेल्या बाया होत्या, त्याही पळाल्या. ओढ्याशी आल्यावर तिनं हाक मारली, "दाजी, तुमाला मंगलची आण हाय."

दरडीतून आवाज आला, भरलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. वरची कड सावकाश पुढं कलली आणि सगळी दरड खाली बसली. पांढरा धुरळा ओढ्यापर्यंत आला.

कडूबाई जागीच खाली बसली. नाथा हातानं ढीग उपसायला धावला, तर दोघींनी त्याला धरून ठेवलं. बबितानं डोक्यावर पदर घेतला. "गेला बाई मंगलकडं," ती म्हणाली.

धुरळा खाली बसला तेव्हा पलीकडच्या बांधावर कुणीतरी खोकलं. म्हाळू बांध उतरून आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता. हातात दोराचं टोक होतं, मेढीला बांधलेलं दुसरं ढिगात गाडलं गेलं होतं. ते टोक त्यानं खाली टाकलं. वर उरलेल्या कडेकडं एकदा नीट पाहिलं. मग बबिताच्या हातातलं टोपलं घेतलं, ढिगाच्या अलीकडच्या टोकाची मऊ माती दोन्ही हातांनी त्यात भरली आणि कडूबाईपुढं ठेवली.

"न्या आता," तो म्हणाला, "आत जायचं काम न्हाई."