पेटीचं झाकण

"अगं वैजू, आधी पेटी आत घे, मग मला!" हेमांगी जिन्यातूनच ओरडली.

वैजयंतीनं दार उघडलं. तिचा नवरा दिलीप पत्र्याच्या पेटीची एक कडी धरून धापा टाकत होता, दुसरी कडी हेमांगीच्या हातात होती. फरीदाबादच्या त्या नव्या सोसायटीत लिफ्टच्या जागी अजून नुसता खड्डा होता. दिलीप घामाघूम झाला होता आणि तरी हसत होता. एरवी भाजीची पिशवी वर आणायची म्हटली की याची कंबर धरायची.

पेटी वैजयंतीच्या ओळखीची होती. तीच हिरवी पेटी ती गेल्या वसंतात दिल्लीत, मुनिरक्याला, हेमांगीची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खोलीत बसून भरत होती. पाट्या, खडू, गोष्टींची पुस्तकं, लोकरीचे मोजे. दर वसंतात अशी एक पेटी बसनं डोंगराच्या पायथ्याशी जायची, तिथून खेचराच्या पाठीवर ढगांच्या गावाला, हेमांगीच्या शाळेत.

खरं तर वर जायचं आधी मनात आलं होतं ते वैजयंतीच्या. बी.एड.च्या वर्गात नकाशावर बोट ठेवून तीच म्हणाली होती, "चल, इथे जाऊ या." मग दिलीपचं स्थळ आलं, नवा फ्लॅट आला, केबल आली. आणि तिच्या बोटाच्या खुणेवरून हेमांगी एकटीच चालत गेली.

आता बर्फामुळे शाळा बंद होती म्हणून बाई खाली उतरल्या होत्या. थंडीनं गाल फुटलेले, ओठ उललेले. मेलं ते उललेलं तोंडही तिला शोभून दिसत होतं.

"काय हिंमत आहे यार हिची!" दिलीप सोफ्यावर टेकत म्हणाला. "वैजू, चहात आलं जरा जास्त घाल हं. थंडीतून आलीये बिचारी."

वैजयंतीनं आलं ठेचलं. गरजेपेक्षा जरा जास्तच ठेचलं.

गेल्या वसंतातही असंच झालं होतं. पेटी भरत आली होती आणि दिलीप ऑफिसमधून येता येता तिला न्यायला आला होता. हातात पेपर. "बघ, आपली हेमांगी!" फोटोत हेमांगी मधोमध, भोवती मुलं अशी लगडलेली, जशी वेलीला काकडी. मागे आदल्या वर्षीची उघडी पेटी. ती कुणी भरली, ते सांगायला पेपरात जागा नव्हती.

पेटी भरण्याची वैजयंतीची एक रीत होती. तिची आई दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची. एकाला एक, एकाला एक, एकच्या आकड्यांची जणू माळच ओवायची. ती सरस्वती उमटली की मगच पोरांनी पुस्तकाला हात लावायचा. तशीच सरस्वती वैजयंती पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं खडूनं काढायची, सगळं भरून झालं की अगदी शेवटी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर कुणाचं तिकडे लक्ष जात असेल, असंही तिला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं खडू हातात घेतला आणि परत खोक्यात टाकला. तिचीच शाळा ना? तिनंच काढावी. आणि कोरं झाकण आपटून तिनं कुलूप लावलं होतं.

चहाचा कप हेमांगीपुढे ठेवत तिनं विचारलं, "रिकामी पेटी कशाला गं ओढत आणलीस एवढ्या लांब?"

"तुझ्यासाठी. उघड ना."

वैजयंतीनं कडी काढली, झाकण वर केलं. आतल्या हिरव्या रंगावर चमचमत्या रेघाच रेघा होत्या.

"अरे! पत्रा कुणी ओरबाडला?" दिलीप वाकून पाहत म्हणाला.

वैजयंतीला मात्र दिसलं. ते एकचे आकडे होते. आडवे एक, कलते एक, पाठीत वाकलेले एक. एका सरस्वतीचं डोकं खाली गेलं होतं, एकीला पायच नव्हते. झाकणाचा कोपरान्‌कोपरा भरला होता.

"पेटी उघडली आणि मुलं थबकलीच," हेमांगी म्हणाली. "पाट्यांना हात लावेनात. म्हटलं, थांबा, मी काढते. काढली. छान काढली गं! तर त्या नकट्या चंपानं बाहीनं पुसून टाकली. म्हणते कशी, 'ये तो आपकी है दीदी, पेटीवाली दीदी की नहीं.' तुला सांगते वैजू, इतकी वर्षं तिथे मी गोठतेय, आणि लाडकी कोण, तर तू! असा राग आला मला तुझा."

"मग?" वैजयंतीनं विचारलं.

"मग काय. मी सांगितलं, वाटेत खेचराच्या पाठीवर घासून पुसली गेली असेल. तर पोरांनी शोधून खिळे आणले. आठवेल तशी सगळ्यांनी मिळून कोरली. म्हणाली, दीदीला नेऊन दाखवा, आता कितीही घासली तरी जायची नाही."

वैजयंतीनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. कडा बोचत होत्या. त्या खेचराच्या गोष्टीला होकार द्यायला एवढीशी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"हेमा, ती वाटेत पुसली नव्हती."

"ठाऊक आहे मला," हेमांगी कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली. "खडूचा कणसुद्धा नव्हता झाकणाला."