अर्ध्या तासाचं उत्तर

"मॅडम, खिळा बुडतो, मग लोखंडी कढई का तरंगते?" धडगावच्या शाळेतल्या जमुनाने पडद्यासमोर विचारलं.

मंगळावर नोकरी करून हौसेने शिकवणाऱ्या केतकी मॅडमपर्यंत प्रश्न पोचून उत्तर यायला अर्धा तास लागे. तोवर मुलं हौदात कढई सोडून, कधी खडे भरून, भिजत, भांडत बसली.

उत्तराऐवजी आज मॅडमच दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही कधी आलात?"

"दिवाळीतच. तेव्हापासून नाशिकहून शिकवतेय."

जमुना विचारात पडली. "पण परवासुद्धा उत्तर अर्ध्या तासानेच आलं."

मॅडमनी मुलांच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं. "ते राहू दे. कढई का तरंगते?"

सगळी मुलं एकदम बोलू लागली.